कूपे मिळाला, झोप नाही मिळाली!

चकलीचा साचा | शुक्रवार, रात्री १०:५२

मंडळी, विषय तसा फुटकळ आहे, पण मला इथे सोडून कुठे विचारायचं कळेना.

दिवाळीनंतर भाचीच्या लग्नाला आम्ही दोघं एका रात्रीच्या गाडीने गेलो. आमच्या स्वतःच्या लग्नालाही पंचवीस वर्षं झाली म्हणून ह्यांनी हौसेने फर्स्ट एसीचं तिकीट काढलं आणि चक्क कूपे मिळाला. दोनच बर्थ, सरकतं दार, आतून कडी, आरसा, खिडकीशी छोटं टेबल. मी लगेच फोटो काढून बहिणींच्या ग्रुपवर टाकले. टेबलावर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ह्यांच्या आजोबांचा फिरकीचा तांब्या (ह्यांना बाटलीतलं पाणी चालत नाही). अगदी संसार मांडला म्हणा ना.

दहाला दिवे घालवले. माझे गुडघे कुरकुरतात म्हणून मी खाली, हे वर. हे पाचव्या मिनिटाला घोरायला लागले. मी पहाटे चारपर्यंत टक्क जागी! गाडीने ब्रेक लावला की मी बर्थच्या कडेला. पाय गार, डोकं गरम. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एक आवाज. टिण्... टिण् टिण्... मग पाच मिनिटं काही नाही, की परत टिण्. उठून दिवा लावावा तर बंद.

थ्री एसीत आठ जणांच्या गोतावळ्यात, कुणाचं पोर रडतंय, कुणाचा फोन वाजतोय, तरी मी मेल्यासारखी झोपते. इथे दुपटीहून जास्त पैसे मोजून जागरण! पुढच्या महिन्यात विदर्भ एक्सप्रेसने नागपूरला नणंदेकडे जायचंय, पुन्हा फर्स्ट एसीच काढलंय. काय केलं म्हणजे झोप लागेल? अनुभवी लोकांनी सांगा. झोपेच्या गोळ्या सुचवू नका.

ताकभात | शुक्रवार, रात्री ११:०५

रुमाल टाकून ठेवते. (धागाच रेल्वेचा आहे म्हटल्यावर रुमाल हवाच.)

खडूस खवय्या | शुक्रवार, रात्री ११:२०

तेवढ्याच पैशांत विमानाने दीड तासात नागपूर. घरी जाऊन आपल्या गादीवर झोपा. धागा संपला.

चकलीचा साचा | शुक्रवार, रात्री ११:३१

@खडूस, विमानात दशम्या सोडून मांडी घालून बसता येतं का? नाही ना? मग राहू दे.

निवृत्त गार्ड | शनिवार, सकाळी ७:१५

ताई, तुमचा प्रश्न अजिबात फुटकळ नाही. मी उभी हयात गाडीच्या शेवटच्या डब्यात जागा राहून काढली. (२०२२ पासून आमच्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण मला गार्डच बरं वाटतं.) लोक का जागे राहतात हे झोपलेल्यांपेक्षा जाग्यालाच जास्त कळतं.

आधी कडेला येण्याचं. आपल्याकडे फर्स्ट एसीतले बर्थ रुळांना आडवे असतात. गाडीने ब्रेक लावला की अंग गाडीच्या दिशेने पुढे जातं. कूपेत दोन्ही बर्थ एकाच भिंतीला, एकावर एक. ती भिंत तुमच्या पुढच्या अंगाला आली, तर ब्रेकसरशी तुम्ही भिंतीला टेकता आणि काही कळतही नाही. भिंत मागच्या अंगाला आली, तर तुम्ही दर वेळी कडेकडे घरंगळणार. गाडी कुठल्या तोंडाने लागली यावर हे ठरतं, आपल्या हातात नाही. उपाय सोपा आहे. एक जादा चादर किंवा टॉवेल घट्ट गुंडाळायचा आणि गादीच्या बाहेरच्या कडेखाली लांबीने सरकवायचा. शेताला बांध घालतो तसा बांध. चार बोटं उंच पुरे.

आता धक्के. जुन्या आयसीएफ डब्यांना मध्ये स्क्रूचं कपलिंग (दोन डबे जोडणारी कडी) आणि दोन्ही बाजूंना बफर (स्प्रिंगचे दट्टे). बफर एकमेकांवर दाबलेले राहायचे, त्यामुळे गाडी सुटताना ओढ हळूच लागायची. नव्या एलएचबी डब्यांना मधोमध एकच कपलर असतो. अपघात झाला तर डबे एकमेकांवर चढू नयेत यासाठी तो फार चांगला, पण त्यात मोकळीक राहिली की सुटताना-थांबताना झटका बसतो. झटका बसला तरी गाडी सुरक्षितच आहे, एवढं मनाला सांगून ठेवा. निम्मी जाग भीतीची असते.

नागपूरला जाताना एक गोष्ट मुद्दाम करा. इगतपुरीच्या आधी झोपूच नका. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात. थळ घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. पुढच्या एकट्या इंजिनाला ते झेपत नाही, मागून रेटावं लागतं. बँकर लागताना धक्का बसतो, इगतपुरीला सुटताना थोडी खुडबुड होते. अंतर पंधरा-सोळा किलोमीटरच, पण डोळा लागलेला असला तर झोपेचं खोबरं. तोवर दशम्या खा, गप्पा मारा. इगतपुरी सुटली की दिवा घालवा. पुढे भुसावळपर्यंत बरीच सपाटी आहे.

चकलीचा साचा | शनिवार, सकाळी ९:४०

काका, साष्टांग नमस्कार! बांधाची कल्पना घरी दिवाणावर करून पाहिली. ह्यांनी विचारलं, "पेरणी कधी?"

कुडाळचा पाव्हणा | शनिवार, दुपारी १:१०

काकांना +१. आमची कोकणकन्या रात्री अकरानंतर सुटते, त्यामुळे बसल्या बसल्या झोपायचंच असतं. तिथे बँकर नाहीत, पण वळणं आणि बोगदे भरपूर. बोगद्यात शिरलं की चाकांचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होतो. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा. मला सवयीने आता उलटं झालंय. बोगदा संपला की जाग येते, एकदम शांत झालं म्हणून!

माझे काही उद्योग सांगतो. डोकं दाराकडे करायचं की खिडकीकडे? बहुतेक जण खिडकीकडे करतात आणि मग प्रत्येक स्टेशनातले दिवे डोळ्यांवर घेतात. मी डोकं दाराकडे करतो. पॅसेजमधली पावलं ऐकू येतात खरी, पण कानात कापूस घातला की झालं. खिडकीच्या पडद्याची फट सेफ्टी पिनने बंद. घरून निघतानाच चार पिना शर्टाला लावून ठेवाव्यात.

आणि गोधडी! रेल्वेचं ब्लँकेट असतंच, पण आपल्या अंगाचा वास असलेलं काहीतरी जवळ हवं. आमच्याकडे आजीच्या नऊवारीची गोधडी आहे, ती फक्त गाडीतच निघते. गोधडी नसेल तर सोलापुरी चादर न्या. पाय गार पडतात म्हणालात ना, तर मोजे घाला. वरच्या बर्थवर एसीचा झोत जास्त लागतो, त्यामुळे वरच्या माणसाने कान झाकणारी टोपी घातलेली बरी. दिसायला माकडटोपी, पण कूपेत बघतंय कोण!

ताकभात | शनिवार, दुपारी २:०२

बायको बघते ना.

मिरजेचा तंबोरा | शनिवार, संध्याकाळी ६:३०

फिरकीचा तांब्या वाचून जीव सुखावला. अजून कुणीतरी नेतं तर!

आमच्या लहानपणी वडिलांना रेल्वेचा पास होता, त्यामुळे बिगरवातानुकूलित फर्स्ट क्लासचा कूपे मी पाहिलाय. खिडक्या उघड्या, पंखा गरगर फिरतोय, आणि सकाळी तोंडावर कोळशाची काजळी. होल्डॉल उलगडला की झाली गादी, त्यातच उशी, पंचा, वडिलांचे पायजमे. झोपायचा विधी ठरलेला. आधी आई होल्डॉल झटकणार, मग सुरईवर पेला पालथा घालणार, मग वडील दाराची खिट्टी तीनदा तपासणार. गोव्याला जायचं तर मिरजेला उतरून मीटरगेजच्या गाडीत बसायचं. अर्धवट झोपेत मला कडेवर घेऊन फलाट ओलांडलेला आठवतो. तेव्हा झोप लागत नाही असं कुणी म्हणतच नसे. लागली तर लागली.

ताई, तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा. तांब्या सोडू नका म्हणावं.

चकलीचा साचा | शनिवार, रात्री ८:१५

तंबोरा काका, सांगितलं. तेव्हापासून हे कॉलर ताठ करून फिरतायत. आता तांब्याला चिंच लावून घासणं चालू आहे.

शिकागोची मावशी | रविवार, पहाटे ४:४५ (इकडे शनिवार संध्याकाळ)

आम्ही मागच्या उन्हाळ्यात शिकागोहून कॅलिफोर्निया झेफिरने एमरीव्हिलला गेलो, दोन रात्री गाडीत. इथे दोघांच्या छोट्या खोलीला 'रूमेट' म्हणतात. नावाला खोली. साडेतीन फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब. आमच्या माहेरचं देवघर मोठं होतं! दिवसा समोरासमोर दोन खुर्च्या, रात्री अटेंडंट त्या ओढून खालचा बिछाना करतो आणि वरचा छतातून खाली ओढतो. दोघांनी एकदम उभं राहायचं नाही, असा आमचा करार झाला होता. एकाने कपडे बदलायचे तेव्हा दुसऱ्याने पॅसेजमध्ये.

गार्डकाकांचं वाचून आत्ता उलगडलं. इथे बिछाना रुळांच्या दिशेनेच असतो, आडवा नाही. त्यामुळे ब्रेक लागला की माणूस कडेला न येता डोक्याकडे नाहीतर पायांकडे सरकतो. पहिल्या रात्री मी डोकं पुढे करून झोपले आणि दर थांब्याला टाळू भिंतीला. दुसऱ्या रात्री पाय पुढे केले, मस्त झोप. वरच्या बिछान्याला खिडकी नाही, पण जाळीचे पट्टे असतात, ते हुकात अडकवायचे म्हणजे पडायची भीती नाही.

दाराला कडी फक्त आतून. बाहेर जाताना कुलूप लावता येत नाही. पहिल्या दिवशी मंगळसूत्र, पासपोर्ट सगळं घेऊन जेवायला गेले. जेवण तिकिटातच असतं, पण उकडलेल्या भाज्या बघून मला तुमची शेंगदाण्याची चटणी आठवली असती, धागा आधी निघाला असता तर.

उलटी खूण | रविवार, सकाळी १०:२०

टोक्योहून माझे दोन पैसे. इथे आता रोज धावणारी रात्रीची झोपायची गाडी एकच उरलीय, सनराइज. टोक्योहून रात्री ९:५० ला निघते, सकाळी ओकायामाला तिचे दोन भाग होतात, एक ताकामात्सुला आणि दुसरा इझुमोला. एकट्या माणसासाठी खोल्या आहेत. दाराला आकड्यांचं कुलूप, आपला आकडा आपणच ठरवायचा. झोपायचे कपडे घडी करून ठेवलेले. गरम पाण्याच्या आंघोळीला वेगळं कार्ड घ्यावं लागतं, त्यात पाणी सहा मिनिटं. मी तीन मिनिटं साबणातच घालवली.

पण मला तिथे झोप लागली ती एका वेगळ्याच गोष्टीमुळे. रात्री ठरावीक वेळेनंतर घोषणा पूर्ण बंद. सकाळी मऊ आवाजात पहिली घोषणा. बाकी गाडी आपल्यासारखीच हलते.

भुभूची आई | रविवार, सकाळी ११:००

अवांतराबद्दल क्षमस्व. कूपेत कुत्रा नेता येतो ना? आमचा लॅब्राडॉर माझ्याशिवाय झोपत नाही.

निवृत्त गार्ड | रविवार, सकाळी ११:४५

येतो, पण अख्खा कूपे किंवा अख्खी केबिन तुमच्याच नावावर हवी. परक्या प्रवाशासोबत नाही. कुत्र्याचं बुकिंग पार्सल ऑफिसात वेगळं करावं लागतं, भाडं सामानासारखं वजनावर. सेकंड एसी, थ्री एसीत चालत नाही. नाहीतर आमच्या ब्रेकव्हॅनमधला पिंजरा. एकदा एक अल्सेशियन मनमाडपासून माझ्याकडे एकटक बघत होता. त्या रात्री आम्ही दोघंही झोपलो नाही.

ताकभात | रविवार, दुपारी १२:३०

पण कूपे मिळतो कसा? मी दोनदा फर्स्ट एसी काढलं, दोन्ही वेळा चार जणांची केबिन. समोर एक साहेब आणि त्यांचे वडील. वडिलांनी मला पूर्ण वंशावळ विचारली.

कुडाळचा पाव्हणा | रविवार, दुपारी १:०५

हमी नाही. तिकिटावर कूपे का केबिन हे लिहिलेलंच नसतं, चार्ट लागल्यावर कळतं. दोघांचं तिकीट एकाच पीएनआरवर असेल तर संधी जास्त. बुकिंग करताना पसंती विचारतात तिथे कूपे निवडायचा. तरी वरिष्ठ अधिकारी, आमदार वगैरे कोट्यातून आले की आपण केबिनमध्ये. आणि डबा अर्धाच, म्हणजे एचए१ असेल तर कूपे मुळातच कमी. पूर्ण एलएचबी एच१ डब्यात २४ बर्थ, तिथे बरं पडतं. गाडीत चढल्यावर टीसीला गोड बोलून विचारा. केबिनमध्ये एखादं चौघांचं कुटुंब तुटलेलं असतं, अदलाबदलीत सगळ्यांचंच भलं होतं.

खडूस खवय्या | रविवार, दुपारी २:४०

एवढं सगळं झालं, पण 'टिण्'चं काय? मूळ तक्रार तीच होती ना? का सगळे आपापल्या आठवणी काढून मोकळे?

चकलीचा साचा | रविवार, दुपारी ३:००

खडूस, पहिल्यांदाच तुमच्यावर प्रेम उतू जातंय. हो! टिण्!

कुडाळचा पाव्हणा | रविवार, दुपारी ३:१२

वर चढायची शिडी. हमखास. ओढणीने बांधून टाका.

शिकागोची मावशी | रविवार, संध्याकाळी ७:३०

कपडे अडकवायचे हँगर. आमच्याकडे दोन हँगर रात्रभर भांडत होते. उशीखाली घेतले तेव्हा गप्प झाले.

निवृत्त गार्ड | रविवार, रात्री ८:०५

दार सरकतं असेल तर ते चौकटीत खडखडतं. पण त्याचा आवाज 'खट्' असा येईल, टिण् नाही. वर्तमानपत्राची जाड घडी फटीत दाबून ठेवा, तोही बंद. (अंक वाचून झालेला असावा. अर्धवट वाचलेला लावला की रात्री काढून वाचावासा वाटतो, स्वानुभव.) टिण् म्हणजे धातूवर धातू. बॅगेला साखळी-कुलूप लावलं होतं का? साखळीची कडी बर्थच्या पायाला लागते. साखळीत मोजा ओवून टाका.

मिरजेचा तंबोरा | रविवार, रात्री ९:२०

स्वर कोणता होता? काळी दोन का पांढरी पाच? म्हणजे काचेचा की धातूचा ते सांगता येईल.

चकलीचा साचा | रविवार, रात्री ९:४१

काका, रात्री तीन वाजता मी तंबोरा लावत नव्हते हो!

बरं, यादी केली आहे. पिना, ओढणी, मोजे (चार, दोन पायांना आणि दोन साखळीला), शिळं वर्तमानपत्र, बांधासाठी टॉवेल, सोलापुरी चादर, कापूस. ह्यांचं म्हणणं, एवढ्या सामानात मी अख्खं बिऱ्हाड हलवतेय. जाऊन आले की सांगते.

चकलीचा साचा | (पाच आठवड्यांनंतर) मंगळवार, सकाळी ११:१५

आले! वृत्तांत देते, धागा वर काढल्याबद्दल माफी.

चार्ट लागला आणि कूपेच मिळाला. ह्यांनी मोबाइल देवापुढे ठेवला. गाडीत चढल्या चढल्या मी कामाला लागले. शिडी ओढणीने बांधली, हँगर बॅगेत, साखळीला मोजे, दाराच्या फटीत पेपर. अटेंडंट बेडरोल द्यायला आला तो बघतच राहिला. "मॅडम, आप रोज जाते हो क्या?" म्हणाला. मी म्हटलं, भाऊ, मराठीत बोल, मी डोंबिवलीची. तो निघाला बडनेऱ्याचा! मग त्याने आपणहून सांगितलं की खालचा बर्थ आज मागच्या अंगाला आहे, ब्रेकला सरकाल. गार्डकाका, तुमची विद्या तिथवर पोचली आहे. बांध घातला.

कसाऱ्याला थांबलो. दोघंही खिडकीशी बसलो होतो. मागून धक्का आला तेव्हा मी ह्यांना म्हटलं, "बँकर लागला." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ह्यांना माझ्याकडून रेल्वेची माहिती मिळाली, चेहरा बघण्यासारखा होता. घाटात बाहेर मिट्ट काळोख, मधूनच दिव्याचा ठिपका. दशम्या संपल्या. इगतपुरी सुटली, दिवा घालवला, मोजे, कापूस, चादर. डोळा लागणार इतक्यात

टिण्.

मी ताडकन उठले. वेगळी गाडी, वेगळा डबा, शिडी बांधलेली, साखळीला मोजे. तरी तोच आवाज! म्हणजे आवाज गाडीचा नव्हताच, आमचा होता. मोबाइलची बॅटरी लावून गुडघ्यावर बसले, बर्थखाली बघितलं, बॅगा चाचपल्या. काही नाही. गाडी जरा वळली आणि टेबलावरून आवाज आला.

तांब्या! फिरकीच्या झाकणाला वर पितळी कडी आहे ना, उचलायला. ती सैल झालीय. गाडी एका ठरावीक तऱ्हेने हलली की कडी झाकणावर पडते, टिण्. दिवा लावला की मी पाणी प्यायला तांब्या उचलायची आणि परत ठेवताना कडी दुसऱ्या बाजूला कलायची, म्हणून आवाज बंद व्हायचा. वीस वर्षं हा तांब्या आमच्यासोबत थ्री एसीत फिरतोय. तिथल्या गलक्यात तो कधी कुणाला ऐकूच आला नाही. कूपेच्या शांततेत एकटी मी आणि तो!

साखळीचा एक मोजा काढला, तांब्याच्या डोक्यावर चढवला, आणि झोपले. भुसावळ कधी आलं कळलं नाही. चहावाल्याच्या हाकेने जाग आली तेव्हा वर्धा आलं होतं आणि लख्ख उजाडलं होतं. हे खाली उतरले, तांब्याकडे बघितलं आणि विचारलं, "ह्याला थंडी वाजत होती का?"

मिरजेचा तंबोरा | मंगळवार, सकाळी ११:५०

अरेरे! म्हणजे गुन्हेगार आमच्या जातीचा निघाला. यजमानांना सांगा, कडीच्या बिजागरीत मेणाचा थेंब सोडा. तंबोऱ्याच्या खुंटीला खडू लावतो तसं. पण तांब्या सोडू नका.

निवृत्त गार्ड | मंगळवार, दुपारी १२:१०

माझं निदान साखळीचं होतं, ते चुकलं. पण मोजा मात्र कामी आला, एवढं श्रेय घेतो.

खडूस खवय्या | मंगळवार, दुपारी १२:२५

तांब्याचं तिकीट काढलं होतं का?

चकलीचा साचा | मंगळवार, दुपारी १२:३३

नाही. पण परतीच्या प्रवासात केबिन मिळाली, समोर एक आजी-आजोबा होते. आजींनी तांब्या बघितला, त्यावरचा मोजा बघितला, आणि बडनेरा ते इगतपुरी माझी वंशावळ विचारली. ताकभात, तुझी आठवण आली गं.